कॅचरच्या जागेवरून : आरंभीच्या व्यावसायिक बेसबॉलच्या अभ्यासाची प्रस्तावना

१८६९ साली सिनसिनाटीच्या रेड स्टॉकिंग्ज संघाने आपल्या सगळ्या खेळाडूंना उघडपणे पगार द्यायला सुरुवात केली. १८७६ मध्ये नॅशनल लीग उभी राहिली आणि १८८२ मध्ये तिची प्रतिस्पर्धी अमेरिकन असोसिएशन. अवघ्या तेरा वर्षांत एका हौशी खेळाचा व्यवसाय झाला. पगार, करार आणि तिकीटविक्री आली, तसा कोणाला खेळू द्यायचे हा प्रश्नही आला. या काळाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या मराठी वाचकाने सुरुवात कुठून करावी? माझ्या मते कॅचरपासून, आणि कॅचरांमध्येही मोझेस फ्लीटवुड वॉकर याच्यापासून.

क्रिकेट जाणणाऱ्याने कॅचरला यष्टिरक्षकाचा भाऊ समजावे. फलंदाजाने सोडलेला किंवा हुकवलेला प्रत्येक चेंडू त्याच्याकडेच येतो. फरक असा की पिचरने, म्हणजे इथल्या गोलंदाजाने, कोणता चेंडू टाकावा हेही तो खुणांनी सुचवतो. १८८४ साली पिचर जेमतेम ५० फुटांवरून चेंडू फेकत असे. कॅचरच्या हातात आजच्यासारखा गुबगुबीत ग्लोव्ह नव्हता. पातळ चामड्याचे, बोटे कापलेले हातमोजे असत, किंवा तेही नसत. हार्वर्डच्या फ्रेडरिक थेयरने तोंडावरच्या जाळीचे पेटंट १८७८ मध्ये घेतले होते, पण नडगीवरची कवचे रूढ व्हायला विसावे शतक उजाडावे लागले. बोटे मोडणे, तळहात सुजणे हा रोजचा भाग होता. त्यामुळे चांगला कॅचर दुर्मीळ होता आणि त्याच्यावाचून उत्तम पिचरही निष्प्रभ ठरे.

वॉकरचा जन्म १८५६ चा, ओहायोतल्या माउंट प्लेझंटचा. तो स्ट्यूबेनव्हिलमध्ये वाढला, ओबरलिन कॉलेजात शिकला, पुढे मिशिगन विद्यापीठातही खेळला. १८८१ मध्ये क्लीव्हलंडच्या एका संघाबरोबर तो लुइव्हिलला गेला, तेव्हा केवळ काळा म्हणून यजमान संघाने त्याला खेळू दिले नाही. त्याच्या जागी उभ्या राहिलेल्या गोऱ्या कॅचरचे हात पहिल्याच डावात इतके दुखावले की त्याने पुढे उभे राहायला नकार दिला. प्रेक्षकांनी वॉकरच्या नावाचा पुकारा केला, तरीही लुइव्हिलचे खेळाडू बधले नाहीत. त्याच शहरात १ मे १८८४ रोजी वॉकर टोलेडो संघाकडून अमेरिकन असोसिएशनच्या, म्हणजे मोठ्या लीगच्या, सामन्यात उतरला. त्या मोसमात तो ४२ सामने खेळला. त्याची फलंदाजीची सरासरी .२६३ होती, लीगच्या सरासरीपेक्षा ती वरचढ होती.

या क्षेत्रातला पहिला धडा इथे मिळतो. त्या वर्षीच्या तक्त्यात वॉकरच्या नावापुढे हातून निसटलेल्या चेंडूंची संख्या मोठी दिसते, आणि नुसता आकडा पाहणारा त्याला सुमार कॅचर ठरवून मोकळा होईल. पण टोलेडोचा प्रमुख पिचर टोनी मुलेन याने अनेक वर्षांनी वृत्तपत्राजवळ दिलेली कबुली त्या तक्त्याशेजारी ठेवायला हवी. वॉकर हा आपल्याला लाभलेला सर्वोत्तम कॅचर होता, असे त्याने सांगितले. मात्र काळ्या माणसाच्या खुणा पाळायच्या नाहीत म्हणून आपण मनाला येईल तसा चेंडू टाकत असू, हेही त्यानेच सांगितले. कोणता चेंडू येणार हे ठाऊक नसताना वॉकर जवळजवळ उघड्या हातांनी झेलत होता. म्हणजे त्या आकड्यात पिचरचा द्वेषही मोजला गेला आहे. आकडे खोटे नसतात, पण ते कोणत्या परिस्थितीत जन्मले हे विचारल्याशिवाय ते खरे बोलत नाहीत.

दुसरा धडा दारे कशी बंद होतात याचा. १४ जुलै १८८७ रोजी शिकागोचा संघ न्यूअर्कला आला. कॅप अँसनच्या त्या संघाने न्यूअर्कच्या काळ्या खेळाडूंविरुद्ध, म्हणजे वॉकर आणि पिचर जॉर्ज स्टोव्ही यांच्याविरुद्ध, खेळायला नकार दिला. त्याच दिवशी बफेलोत, न्यूअर्क ज्यात खेळत असे त्या इंटरनॅशनल लीगच्या संचालकांनी काळ्या खेळाडूंशी नवे करार मंजूर न करण्याचे ठरवले. वॉकर १८८९ पर्यंत सिरॅक्यूसकडून खेळला. त्यानंतर त्या लीगमध्ये पुन्हा काळा खेळाडू दिसला तो १९४६ साली, मॉन्ट्रियलच्या संघातला जॅकी रॉबिन्सन. मोठ्या लीगांनी असा नियम कधी छापलाही नाही. मूक संमतीने तो सहा दशके पाळला गेला. म्हणून इथल्या अभ्यासकाला नियमपुस्तकाइतकीच रद्द झालेल्या करारांची आणि वृत्तपत्रांच्या कोपऱ्यांतल्या बातम्यांची गरज पडते.

हे काम अनेकांनी केले. १९०७ मध्ये सॉल व्हाइट या खेळाडूनेच कृष्णवर्णीय बेसबॉलचा पहिला इतिहास लिहिला. १९७० मध्ये रॉबर्ट पीटरसनने हा विषय पुन्हा चर्चेत आणला, आणि १९७१ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन बेसबॉल संशोधन संस्थेने हौशी अभ्यासकांना एकत्र आणले. १९९५ मध्ये डेव्हिड झँगने वॉकरचे चरित्र लिहिले. एका खुनाच्या खटल्यातून सुटलेला, पुढे टपालचोरीबद्दल तुरुंगात गेलेला, पेटंटे मिळवणारा, नाट्यगृह चालवणारा आणि १९०८ च्या पुस्तिकेत काळ्यांनी आफ्रिकेत परतावे असे मांडणारा हा माणूस कोणत्याही साच्यात बसत नाही. मोठ्या लीगमधला पहिला काळा खेळाडू तोच का, हेही आता निर्विवाद नाही : १८७९ मध्ये प्रॉव्हिडन्सकडून एकच सामना खेळलेला विल्यम एडवर्ड व्हाइट गुलाम आईचा मुलगा होता, पण गोरा म्हणून वावरला, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटायचे कारण नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. त्या मुक्तीनंतर प्रत्यक्षात काय घडले, स्वातंत्र्य कुठवर पोचले आणि कुठे अडवले गेले, याचे उत्तर शोधण्याची एक जागा बेसबॉलचे मैदान आहे. तिथे भाषणाऐवजी एका सामन्याचा तक्ता हाती घ्या. कोण खेळला, कोण बसवला गेला, कोणी कोणाच्या खुणा पाळल्या हे विचारा, आणि त्याच दिवसाची दोन्ही शहरांतली वृत्तपत्रे शेजारी ठेवून वाचा. या अभ्यासाला पदवी लागत नाही, चिकाटी लागते. बरेच तक्ते अजून अशा वाचनाची वाट पाहत आहेत, आणि ते काम करायला तुमचे मनापासून स्वागत आहे.