जबलपूरचा भूकंप आणि मोकळा तळमजला

गोहलपूरसारख्या दाट वस्त्यांचे जबलपूर शहर नर्मदा-सोन विभंगाच्या पट्ट्यात वसले आहे. 22 मे 1997 रोजी पहाटे सव्वाचारनंतर तिथे सुमारे 6 रिश्टरचा भूकंप झाला आणि सुमारे 40 माणसे दगावली. किल्लारीचा 1993 चा भूकंप 6.2 चा, म्हणजे थोडाच मोठा होता. पण तिथले बळी सरकारी आकड्यानुसारच आठ हजारांच्या घरात गेले. जबलपूरच्या भूकंपाचे केंद्र सुमारे 35 किलोमीटर खोल, तर किल्लारीचे उथळ होते. किल्लारीची घरेही जीवघेणी होती. भिंती मातीत रचलेल्या दगडांच्या, वर माळवदाचे ओझे, आणि भिंतीचे आतबाहेरचे दोन थर सांधणारे आरपार दगड बहुतेक घरांत नव्हतेच.

जबलपूरच्या जुन्या घरांत विटांचे बांधकाम पुष्कळ होते. वीट आणि दगड दाब पेलतात, ताण मात्र फारसा सोसत नाहीत. नुसते वजन पेलणारी भिंत दाबाखाली असते. भूकंप तिला आडवी ढकलतो तेव्हा तिच्यात ताण येतो आणि कोपरे, दारे-खिडक्यांच्या कडा फाटतात. मदन महाल किल्ल्याजवळची तोल साधून उभी असलेली प्रसिद्ध शिळा मात्र जागची हलली नाही. तिच्या गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली रेषा टेकणीच्या आत पडते. स्थितिशास्त्राचा हा पहिला धडा विद्यार्थ्याने तिथे जाऊन पाहावा असा आहे.

खरा इशारा मिळाला तो आरसीसी इमारतींकडून. तळमजला पार्किंगसाठी मोकळा ठेवलेल्या इमारती तेव्हा शहरात थोड्याच होत्या, आणि त्यांतल्या काहींच्या तळमजल्याचे कॉलम वाईट रीतीने फुटले. वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती तिरक्या टेकूचे काम करतात, म्हणून ते मजले एकसंध हलतात. खाली भिंती नसल्याने जवळजवळ सगळे सरकणे कॉलमच्या वाट्याला येते. 3 मीटर उंचीच्या, दोन्ही टोके पक्की असलेल्या कॉलमवर 40 किलोन्यूटन आडवे बल आले, तर प्रत्येक टोकाशी 60 किलोन्यूटन-मीटर बेंडिंग मोमेंट येते. म्हणूनच काँक्रीट तिथेच आधी फुटते. कॉलमच्या सळयांभोवतीच्या रिंगा विरळ असतील, त्यांची टोके 135 अंशांत आत वळवलेली नसतील, तर त्या उघडतात आणि उभ्या सळया बाहेर फुगतात.

हा इशारा देशाने वेळेवर ऐकला नाही. 26 जानेवारी 2001 च्या भुज भूकंपात, केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूरच्या अहमदाबादेत, अशाच मोकळ्या तळमजल्याच्या अनेक इमारती कोसळल्या. त्यानंतर 2002 मध्ये आयएस 1893 या भारतीय मानकाची सुधारित आवृत्ती निघाली. त्यातल्या एका पर्यायानुसार मोकळ्या मजल्याचे कॉलम आणि बीम हिशोबाच्या अडीच पट बलासाठी डिझाइन करायचे, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या कॉलमला 60 ऐवजी 150 किलोन्यूटन-मीटर पेलायला लावायचे होते. 2002 पूर्वी बांधलेल्या मोकळ्या तळमजल्याच्या इमारतींना मात्र हा हिशोब लावलेलाच नव्हता.