मंगळवारची धार

1975 साल, डॅलसचं पार्कलँड रुग्णालय. सकाळी सात वाजता तुम्ही धार काढताय.

समोर शिशाच्या कवचातली बारीक नळी आहे आणि तिच्यात मॉलिब्डेनम-99. इथली माणसं तिला गायच म्हणतात. मॉलिब्डेनमचं हळूहळू किरणोत्सारी टेक्निशियम होत राहतं. मिठाचं पाणी नळीतून ओढलं की टेक्निशियम तेवढं कुपीत उतरतं. दिसायला नुसतं पाणी, पण दर सहा तासांनी त्याचा जोर निम्मा होतो. रेंगाळू नका.

हे पाणी पायरोफॉस्फेटच्या पुडीत मिसळा. ही पूड मुळात हाडांच्या चित्रणासाठीची. ती कॅल्शियमला चिकटते. मग हृदयाच्या रोग्याला कशाला? रक्त तुटलेल्या स्नायूपेशीला मरताना आपलं दार सांभाळता येत नाही. बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं, त्याचे हाडातल्या खनिजासारखे कण साठतात. मरणाऱ्या स्नायूत हाडाचा अंश उतरतो, याचं मला आजही नवल वाटतं. बाँटे, पार्की आणि विलरसन या डॉक्टरांनी याच गावात तो धागा पकडला. माणसांवरचे त्यांचे निष्कर्ष गेल्याच वर्षी छापून आलेत.

पलंगावरच्या आजोबांच्या छातीत रविवारी कळ आली. त्यांच्या ईसीजीत आधीपासूनच दोष आहे, त्यामुळे नवा घाव त्या रेघांतून वाचता येत नाही. पहिल्या काही तासांत आले असते तर चित्रातही डाग उमटला नसता. दोन-तीन दिवसांनी तो सर्वांत ठळक होतो, मग फिका पडत जातो. आज मंगळवार. वेळ बरोबर साधली आहे.

दंडात सुई. आता तासभर थांबायचं, रक्तातलं औषध ओसरेपर्यंत.

"आतून जळेल का हो?" आजोबा विचारतात.

"काही जाणवणार नाही," तुम्ही सांगता आणि त्यांचा हात सोडत नाही.

मग छातीवर गॅमा कॅमेरा येतो. बर्कलीच्या हॅल अँगर यांनी घडवलेलं हे यंत्र स्वतः काहीच सोडत नाही, फक्त टिपतं. शरीरातून निघालेला किरण स्फटिकावर आदळतो, बारीकशी चमक होते, पडद्यावर एक ठिपका. आणखी एक. न जोडलेल्या ठिपक्यांची रांगोळी दाट होत जाते. आधी उरोस्थी उमटते, मग फासळ्या. त्यांच्या मागे, जिथे हाड असायचं कारण नाही तिथे, एक डाग.

हाडाची सावली तर नाही ना? कॅमेरा डावीकडे तिरपा करा. डाग उरोस्थीपासून सुटून वेगळा झाला, आणि मध्ये पोकळ दिसतोय, मेदुवड्यासारखा. इथे जरा थांबून बघा. औषध रक्तावाटेच पोचतं. कडेच्या मरत्या पेशींना अजून थोडं रक्त मिळतंय, म्हणून त्या उजळल्या. मधल्या काळोखापर्यंत रक्तच गेलेलं नाही. म्हणजे घाव मोठा आहे.

तुम्हाला स्टेंट ठाऊक आहे. या इमारतीत तो कुणालाच ठाऊक नाही. इथे आहे विश्रांती, मॉर्फिन आणि ठोके चुकताहेत का ते पाहत जागणारी परिचारिका. त्या जागरणासाठी तरी घाव केवढा ते कळायला हवं होतं.

"दिसलं का काही?"

"दिसलं. डॉक्टर येऊन सांगतील."

गाडी ढकलताना उंबऱ्यापाशी तुम्ही वेग कमी करता, चाकं अलगद पलीकडे नेता.