सिमला ऑफिस : बर्फाच्या गावाहून आलेल्या कचेरीची वाटचाल

डिसेंबर उजाडला की पुणेकर सकाळच्या वर्तमानपत्रात आधी किमान तापमानाचा आकडा शोधतो. सवाई गंधर्व महोत्सवाला शाल पुरेल की स्वेटरही घ्यावा लागेल, नाताळच्या सुट्टीत महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी आणि लिंगमळ्यात दवबिंदू गोठलेले पाहायला मिळतील का, याचे आडाखे त्या आकड्यावरून बांधले जातात. पाषाणचा पारा शिवाजीनगरपेक्षा किती खाली, लोहगावचा किती वर, निफाडला कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात काय नोंद झाली, हे रोज टिपून ठेवणारे हौशी अभ्यासकही या शहरात पुष्कळ आहेत. या साऱ्यांची नजर ज्या कचेरीकडे असते, तिला पुण्याने स्वतःचे नाव दिलेले नाही. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला आणि तिच्यासमोरच्या चौकाला शहर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणते.

पुण्यात बर्फ पडत नाही. पुण्याची थंडी मात्र बर्फाच्या प्रदेशावरून येते. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी विक्षोभ काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडात हिमवृष्टी करतात. ते पुढे सरकले आणि आकाश निवळले की उत्तरेचे कोरडे, गार वारे राजस्थान, मध्य प्रदेश ओलांडून महाराष्ट्रात उतरतात आणि दोन-चार दिवसांत पारा घसरतो. बंगालच्या उपसागरातून बाष्प आले, हवा ढगाळ झाली, की तोच पारा पुन्हा चढतो. त्यामुळे पुण्याची थंडी मोजणाऱ्याला हिमालयाकडे पाहावेच लागते. सिमला ऑफिसने हे पाहणे आपल्या जन्माच्याही आधीपासून, पूर्वसुरींकडून वारशाने घेतले आहे.

या वारशाची सुरुवात कोलकात्यात झाली. 1864 मध्ये त्या शहराला भीषण चक्रीवादळाचा तडाखा बसला. पाठोपाठ 1866 आणि 1871 मध्ये मान्सूनने दगा दिला. देशभर विखुरलेल्या हवामान नोंदी एका छत्राखाली आणल्याशिवाय गत्यंतर नाही, हे सरकारला पटले आणि 1875 मध्ये भारतीय हवामान खाते अस्तित्वात आले. पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. हिमालयातल्या ठाण्यांवरून येणारे हिमवृष्टीचे अहवाल त्यांनी चिकाटीने जुळवले आणि 1884 मध्ये एक निष्कर्ष मांडला : हिवाळ्यात आणि वसंतात हिमालयावर बर्फ जास्त साचले, तर पुढचा मान्सून दुबळा पडण्याची शक्यता वाढते. बर्फ वितळवण्यात सूर्याची उष्णता खर्ची पडते, जमीन उशिरा तापते आणि समुद्रावरचे वारे ओढून घेणारी ताकद कमी होते, असा त्यामागचा विचार. 1886 पासून देशाला मान्सूनचा नियमित दीर्घकालीन अंदाज मिळू लागला, तो या बर्फाच्या हिशेबावर. जगातल्या अशा आद्य प्रयत्नांत त्याची गणना होते.

तो हिशेब दरवेळी जुळला असे नाही. 1899 मध्ये चांगल्या पावसाची अपेक्षा वर्तवली गेली आणि प्रत्यक्षात पडला तो भयंकर दुष्काळ. ब्लॅनफर्ड यांच्यानंतर सूत्रे हाती घेणाऱ्या जॉन इलियट यांच्या कारकिर्दीतली ही जखम खोल होती. 1904 मध्ये केंब्रिजचे गणिती गिल्बर्ट वॉकर प्रमुख झाले, तेव्हा एकट्या बर्फावर विसंबून चालणार नाही, हे स्पष्ट झाले होते. खात्याचे मुख्यालय 1905 मध्ये सिमल्याला हलले. तिथे वॉकर आणि त्यांच्या हाताखालचे भारतीय कारकून जगभरचे वायुभार, पाऊस आणि तापमान यांचे तक्ते वर्षानुवर्षे मांडत राहिले. यंत्रे नव्हती, सहसंबंधांचे सारे गणित हाताने होत होते. हिमालयातले बर्फ, दक्षिण अमेरिकेतला आणि मॉरिशसचा वायुभार, झांजिबारचा पाऊस हे सारे एका सूत्रात आले. प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या वायुभाराचा झोका, जो पुढे ‘सदर्न ऑसिलेशन’ म्हणून जगाला माहीत झाला, तो या तक्त्यांतूनच हाती लागला. त्या कारकुनांपैकी बहुतेकांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत नाहीत. खात्याच्या कीर्तीत त्यांचा वाटा मोठा आहे, हे इथे नोंदवायलाच हवे.

1928 मध्ये मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले. दप्तरे, उपकरणे, नकाशे आणि माणसे, सारे काही गणेशखिंड रस्त्यावरच्या नव्या इमारतीत दाखल झाले. सिमल्याहून आलेली कचेरी म्हणून लोक तिला सिमला ऑफिस म्हणू लागले आणि ते नाव तिला कायमचे चिकटले. याच सुमारास चार्ल्स नॉर्मंड यांनी खात्याची धुरा सांभाळली.

पुण्यातल्या पहिल्या दशकाने या संस्थेला एक नवी दिशा दिली. 1932 मध्ये इथे कृषी हवामानशास्त्राचे काम उभे राहिले आणि त्याची जबाबदारी एल. ए. रामदास यांच्याकडे आली. पिकाला हवामान लागते ते त्याच्या उंचीवरचे, माणसाच्या डोक्याच्या उंचीवरचे नव्हे, ही त्यांची दृष्टी होती. शांत, निरभ्र रात्री त्यांनी जमिनीलगतच्या हवेचे तापमान वेगवेगळ्या उंचीवर मोजले. सर्वांत गार थर थेट जमिनीवर असणार, हे सगळी पाठ्यपुस्तके सांगत होती. रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांना मात्र तो जमिनीपासून काही सेंटिमीटर वर सापडला. परदेशातल्या तज्ज्ञांनी प्रथम शंका घेतली, मोजमापातच चूक असेल असे म्हटले. नोंदी पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिल्या. त्या थराला पुढे ‘रामदास थर’ हे नाव मिळाले आणि त्याचे समाधानकारक सैद्धांतिक स्पष्टीकरण बेंगळुरूच्या रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात दिले. द्राक्षाच्या किंवा गव्हाच्या पिकावर गारठ्याचा घाव नेमका कुठे बसतो, हे समजून घेण्याची वाट या कामाने मोकळी केली.

त्याच काळातली एक नोंद पुणेकर अजून विसरलेले नाहीत. 17 जानेवारी 1935 रोजी शहराचे किमान तापमान 35 अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे 1.7 अंश सेल्सिअसपर्यंत उतरले. पुण्याच्या थंडीचा हा उच्चांक आजही अबाधित आहे.

असा आकडा कसा हाती येतो, ते पाहण्यासारखे आहे. मोकळ्या, गवताळ अंगणात पांढऱ्या रंगाची, झडपांच्या भिंतींची लाकडी पेटी चार पायांवर उभी असते. हिला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. ऊन थेट आत शिरू नये म्हणून तिचे दार उत्तरेकडे उघडते. आत जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर किमान तापमापी आडवी ठेवलेली असते. तिच्यात पारा नसतो, अल्कोहोल असते आणि त्यात बुडालेली एक बारीक काडी. रात्री तापमान उतरते तसा अल्कोहोलचा पृष्ठभाग त्या काडीला फुग्याच्या दिशेने मागे ओढत नेतो. पहाटेनंतर द्रव पुन्हा पुढे सरकतो. काडी मात्र जिथे पोचली तिथेच थांबते. सकाळी साडेआठला निरीक्षक येतो, डोळा नेमका तापमापीच्या पातळीला आणतो, काडीचे फुग्यापासून दूरचे टोक कुठे आहे ते वाचतो, वहीत लिहितो आणि तापमापी कलती करून काडी पुन्हा जागेवर आणतो. डोळा जरा वर-खाली झाला तरी आकडा चुकतो. दिवाळी असो, नाताळ असो, वर्षाचा शेवटचा दिवस असो, हे वाचन चुकवून चालत नाही. शतकभराची मालिका या शिस्तीवर उभी आहे. आता स्वयंचलित केंद्रे दर काही मिनिटांनी तापमान कळवतात. तरी ज्या मोजणीशी त्यांची तुलना होते, ती हीच.

दुसरे महायुद्ध सुरू असतानाच, 1944 मध्ये, मुख्यालय दिल्लीला गेले. त्याच वर्षी एस. के. बॅनर्जी हे खात्याचे पहिले भारतीय महासंचालक झाले. मुख्यालय गेले म्हणजे पुण्याचे महत्त्व संपले, अशी भीती तेव्हा अनेकांना वाटली असेल. घडले वेगळेच. अंदाजाचे मोठे काम, हवामानाच्या नोंदींचे भांडार, कृषी विभाग आणि उपकरणांची कार्यशाळा पुण्यातच राहिली. 1945 मध्ये शेतकऱ्यांसाठी आकाशवाणीवरून हवामानाची माहिती प्रसारित होऊ लागली, त्यामागेही पुण्यातल्या कृषी विभागाची घडण होती.

स्वातंत्र्यानंतरची पहिली अडचण उपकरणांची होती. साध्या तापमापीपासून वायुभारमापकापर्यंत बहुतेक गोष्टी परदेशातून येत. 1948 मध्ये अण्णा मणी पुण्याच्या उपकरण विभागात रुजू झाल्या. एस. पी. वेंकटेश्वरन यांच्या मार्गदर्शनाखाली आणि पुढे स्वतःच्या नेतृत्वाखाली त्यांनी सुमारे 100 उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले आणि त्यांचे उत्पादन देशात सुरू करून दिले. चुकीचे मोजमाप न मोजण्यापेक्षा वाईट, हा त्यांचा आग्रह होता. 1957-58 च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे त्यांनी उभारले. त्या काळी विज्ञानाच्या प्रयोगशाळेत स्त्री दिसणे दुर्मीळ होते. कार्यशाळेतले कारागीर आणि त्या, दोघांनी मिळून एका परावलंबी खात्याला स्वतःच्या पायांवर उभे केले, हे या वाटचालीतले सर्वांत तेजस्वी पान मानावे लागेल.

संशोधनाला स्वतंत्र घर हवे, या विचारातून 17 नोव्हेंबर 1962 रोजी उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची स्थापना पुण्यातच झाली. पी. आर. पिशारोटी तिचे पहिले संचालक. गणेशखिंड रस्त्यावरच्या रामदुर्ग हाऊसमध्ये तिने सुरुवातीची वर्षे काढली. 1971 मध्ये ती स्वायत्त झाली आणि पुढे पाषाणला स्थिरावली. शहराला ती ‘आयआयटीएम’ म्हणून परिचित आहे. सिमला ऑफिसच्या नोंदी आणि आयआयटीएमचे संशोधन ही जोडी तेव्हापासून आजवर टिकून आहे.

बर्फाचा धागा इथे पुन्हा वर आला. 1960 च्या दशकात उपग्रहांतून हिमाच्छादन दिसू लागले होते. कारकिर्दीच्या सुरुवातीला पुण्याच्या या संस्थेत काम केलेले जगदीश शुक्ल यांनी 1976 मध्ये अमेरिकेत डग्लस हान यांच्यासह युरेशियातले बर्फ आणि भारतीय पाऊस यांचे नाते उपग्रहाच्या माहितीवरून दाखवले. ब्लॅनफर्ड यांचे म्हणणे जवळजवळ शतकानंतर नव्या पुराव्यासह परतले. 1988 मध्ये वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने मान्सूनच्या अंदाजासाठी 16 घटकांचे प्रारूप तयार झाले. त्या 16 घटकांत जानेवारी ते मार्चमधले हिमालयातले बर्फ होते आणि आदल्या डिसेंबरमधले युरेशियाचे हिमाच्छादनही होते. म्हणजे नाताळच्या सुमारास सैबेरियात किती बर्फ साचले, याचा जाब पुढच्या जूनमध्ये विदर्भातल्या कपाशीला आणि मराठवाड्यातल्या ज्वारीला द्यावा लागत होता. आयआयटीएममध्ये आर. एच. कृपलानी आणि अश्विनी कुलकर्णी यांनी जुन्या सोव्हिएत नोंदी तपासून हे चित्र आणखी बारकाईने मांडले : मॉस्कोच्या आसपास हिवाळ्यात बर्फाचा थर जाड असेल तर आपला पाऊस कमी होण्याकडे कल, मध्य सैबेरियात जाड असेल तर उलट.

त्याआधी पुण्याच्या थंडीने आणखी एक खूण ठेवली होती. 29 डिसेंबर 1968 रोजी शिवाजीनगरला 3.3 अंशांची नोंद झाली. डिसेंबरमधला तो नीचांक अद्याप मोडलेला नाही. बरोबर 50 वर्षांनी, 2018 च्या डिसेंबरअखेरीस, पारा 6 अंशांखाली उतरला तेव्हा 1968 च्या त्या नोंदीची सर्वत्र आठवण निघाली.

2002 हे वर्ष संस्थेसाठी कसोटीचे ठरले. सर्वसाधारण पावसाचा अंदाज दिला गेला आणि देशभर पाऊस सरासरीपेक्षा 19 टक्के कमी पडला. टीका झाली आणि ती योग्यच होती. शेतकऱ्याने पेरणीचा निर्णय त्या अंदाजावर घेतलेला असतो. पुण्याच्या अंदाज विभागाने 16 घटकांचे प्रारूप बाजूला ठेवले, प्रत्येक घटक नव्याने तपासला आणि 2003 पासून नवी प्रारूपे वापरात आणली. पुढे 2007 मध्ये अनेक प्रारूपांची एकत्रित पद्धत आली. बर्फाचा आणि मान्सूनचा संबंध काळानुसार सैल होतो, घट्ट होतो, हेही या तपासणीतून नीट समजले. अपयशानंतर नोंदवह्यांकडे परत जाण्याची ही सवय 1899 नंतर वॉकर यांच्या काळात लागली होती. शंभर वर्षांनी ती कामी आली.

आज सिमला ऑफिसचे अधिकृत काम ‘हवामान संशोधन आणि सेवा’ या नावाने चालते. राष्ट्रीय विदा केंद्रात 1875 पासूनच्या नोंदी जपलेल्या आहेत. जुन्या हस्तलिखित वह्यांतले आकडे आधी छिद्रांच्या कार्डांवर आणि नंतर संगणकावर उतरवणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या काही पिढ्या इथे निवृत्त झाल्या. 2016 पासून मान्सूनप्रमाणेच हिवाळ्याचाही हंगामी अंदाज दिला जातो. सपाट प्रदेशात किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी, ही थंडीच्या लाटेची व्याख्या वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांच्याही तोंडी रुळली आहे. आयआयटीएममध्ये 2018 मध्ये ‘प्रत्युष’ आणि 2024 मध्ये ‘अर्क’ हे महासंगणक आले. महाबळेश्वरला 2012 पासून ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे.

शहर वाढले, तसे मोजमापही पसरले. शिवाजीनगर, पाषाण, लोहगाव, चिंचवड, मगरपट्टा, लवळे, एनडीए अशा ठिकाणचे आकडे आता वेगवेगळे मिळतात आणि एकाच पहाटे त्यांच्यात कित्येक अंशांचा फरक असतो. झाडी आणि मोकळी जमीन उरलेल्या भागात गारठा मुक्काम करतो; काँक्रीट आणि डांबर दिवसाची उष्णता रात्रीही धरून ठेवतात. हौशी निरीक्षकांनी गच्चीवर मांडलेल्या तापमापींतून हाच फरक दिसतो, आणि तो समजावून सांगण्याचे काम अनुपम कश्यपी, कृष्णानंद होसाळीकर यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी लोकांच्या भाषेत सातत्याने केले. 23 मार्च या जागतिक हवामान दिनाच्या निमित्ताने वेधशाळेची दारे सर्वांना खुली होतात. शाळकरी मुले स्टीव्हन्सन स्क्रीनमध्ये डोकावतात, फुगे आकाशात सोडताना पाहतात, प्रश्न विचारतात.

15 जानेवारी 2025 रोजी भारतीय हवामान खात्याला 150 वर्षे पूर्ण झाली. त्यांतली जवळपास 100 वर्षे सिमला ऑफिस पुण्यात आहे आणि 2028 मध्ये तेही शतक पूर्ण होईल.