नाना फडणवीसांचा चेहरा कोणी रंगवला? जेम्स वेल्स आणि पेशवे दरबाराची चित्रे

१/ नाना फडणवीस म्हटले की एक कृश, गंभीर मुद्रा डोळ्यांसमोर येते. नानांचे हे रूप आपल्यापर्यंत पोहोचले ते प्रामुख्याने एका स्कॉटिश चित्रकारामुळे. त्याचे नाव जेम्स वेल्स.

२/ वेल्सचा जन्म १७४७ मध्ये स्कॉटलंडमधील पीटरहेड येथे झाला. चित्रकला तो बहुतांशी स्वतःच शिकला. लंडनमध्ये त्याची चित्रे प्रदर्शित झाली, पण तेथे व्यक्तिचित्रकारांची दाटी फार होती. अखेर जुलै १७९१ मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, तो मुंबईला उतरला.

३/ पुण्यात तेव्हा चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील होता. १७९० मध्ये टिपूविरुद्ध पेशवे व इंग्रज यांच्यात तह झाला होता. त्या प्रसंगाचे भव्य चित्र असावे, अशी मॅलेटची इच्छा होती. त्याच्या आश्रयाने वेल्स १७९२ मध्ये पुण्यास आला.

४/ वेळ अनुकूल होती. त्याच वर्षी महादजी शिंदेही पुण्यात दाखल झाले होते. वेल्सने त्यांचे चित्र काढले. सवाई माधवराव आणि नाना यांचे एकत्रित तैलचित्रही त्याने याच काळात रंगवले. रत्नालंकार ल्यालेला तरुण पेशवा, शेजारी साध्या वेषातील नाना आणि मागे सेवक, अशी त्याची मांडणी आहे. हे चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे.

५/ मॅलेटच्या प्रयत्नाने आणि पेशव्यांच्या संमतीने शनिवारवाड्यात चित्रशाळाही सुरू झाली. मुंबईचे जे. जे. स्कूल १८५७ चे. पुण्याची ही शाळा त्याहून साठ वर्षांपेक्षा अधिक जुनी! तेथे पुढे आलेला मराठी चित्रकार म्हणजे गंगाराम तांबट. त्याने पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडा चितारला, वेरूळची लेणी रेखाटली. त्याची रेखाटने आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात जपलेली आहेत.

६/ १७९५ हे वर्ष मात्र घातक ठरले. ऑक्टोबरमध्ये शनिवारवाड्यात वरून पडून सवाई माधवरावांचा मृत्यू झाला. वय अवघे एकवीस. पुढच्याच महिन्यात, लेण्यांची रेखाटने करण्याच्या कामात असताना, वेल्स साष्टीत मरण पावला. कसाऱ्याहून मुंबईस जाणारी लोकल कळव्यानंतर खाडी ओलांडते, तेथून साष्टी सुरू होते. हीच साष्टी इंग्रजांनी १७७४ मध्ये मराठ्यांकडून जिंकून घेतली होती.

७/ दरबाराचे चित्र अपुरेच राहिले. वेल्सची रेखाटने मॅलेटबरोबर इंग्लंडला गेली. १७९९ मध्ये मॅलेटने वेल्सची कन्या सुसाना हिच्याशी विवाह केला. त्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियल या चित्रकाराने १८०५ मध्ये तो भव्य दरबार रंगवून पूर्ण केला. हे चित्र लंडनच्या टेट संग्रहालयाच्या मालकीचे आहे.

८/ आता तारखा जुळवून पाहा. तह १७९० चा. वेल्स हिंदुस्थानात आला १७९१ मध्ये. चित्र पूर्ण करणारा डॅनियल तहाच्या वेळी उत्तर हिंदुस्थानात होता. म्हणजे तो दरबार या दोघांपैकी कोणीही पाहिला नव्हता! शिवाय चित्र काढवून घेणारा मॅलेट स्वतःच त्या तहाचा एक पक्ष होता.

९/ म्हणून हे चित्र टाकाऊ ठरते का? मुळीच नाही. त्यातील प्रमुख चेहऱ्यांमागे वेल्सने पुण्यात केलेला अभ्यास आहे. तेवढ्यापुरते ते मोलाचे साधन आहे. मात्र कोण कोठे बसले, कोण कोणाकडे पाहत होते, यासाठी त्याचा आधार घेताना जपावे लागते. चेहरे पाहून काढलेले आहेत, प्रसंग मागाहून रचलेला आहे.

१०/ बखर वाचताना आपण विचारतो: कोणी लिहिली, केव्हा, कोणासाठी? चित्रापुढे उभे राहतानाही हेच तीन प्रश्न विचारावेत.