आडिवऱ्याची महाकाली

* आडिवरे (ता. राजापूर, जि. रत्नागिरी) येथील देवी. महालक्ष्मी, महासरस्वती आणि योगेश्वरीही याच आवारात आहेत. दुर्गासप्तशती या पोथीच्या १३ अध्यायांपैकी पहिला महाकालीचा, २ ते ४ महालक्ष्मीचे आणि उरलेले महासरस्वतीचे मानतात. पोथीतल्या या तिघींचे दर्शन इथे एकाच फेरीत घडते. पण केवळ पोथीवरून कोकणातली देवी कळत नाही. नवलाई, पावणाई, जाकादेवी या ग्रामदेवतांना दुय्यम लेखणाऱ्या अभ्यासकांशी आम्ही मुळीच सहमत नाही. शिमग्यात या ग्रामदेवतांची चांदीची रूपे पालखीत लागतात, जरीची साडी नेसवली जाते. पालखी अंगणात आली, की मुंबईचा चाकरमानी खांद्यावर घेऊन ती नाचवतो आणि घरच्या सवाष्णी खणा-नारळाने ओटी भरतात.