खानदेश: धावेपासून टायरपर्यंत

१९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले, त्या काळात येथील कापूस वाहणाऱ्या बैलगाडीच्या चाकावर ‘धाव’, म्हणजे तापवून चढवलेली आणि पाणी ओतून आवळलेली लोखंडी पट्टी, असे. हवेच्या टायरचे पेटंट रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्ये घेतले असले, तरी तो रूढ झाला तो १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी नव्याने घडवल्यानंतर. भारतात १९५५ पासून मद्रासमध्ये रॉयल एनफिल्ड मोटारसायकल तयार होऊ लागली आणि १९८५ मध्ये हिरो होंडाची कमी पेट्रोल पिणारी मोटारसायकल आल्यावर दुचाकी गावोगावच्या शेतकऱ्यांपर्यंत पोहोचली.

धुळ्याजवळ मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर हे महामार्ग मिळतात, तर शिवारात पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकाला चिकटतो. त्यामुळे दुचाकीच्या टायरची निवड नक्षीवरून, म्हणजे पृष्ठभागावरील खाचांच्या रचनेवरून, करावी लागते. पुढील टायरच्या लांबट उभ्या खाचा दिशा सांभाळतात, तर मागील टायरचे ठोकळे चिखलात पकड देतात. जळगावच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे जातो आणि तापलेल्या टायरमधील दाब वाढतो, म्हणून हवा सकाळी, टायर थंड असताना तपासणे योग्य ठरते. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने पहिले शे-दीडशे किलोमीटर वळणावर फार झुकू नये व ब्रेक एकदम दाबू नये. नक्षी झिजून खाचांमधील झीज दाखवणाऱ्या खुणेच्या पातळीला आली, की तो टायर बदललाच पाहिजे.