अव्हेराची वेदना : अवधानदोषाच्या इतिहासातील एक वगळलेले लक्षण

अवधानन्यूनता व अतिचापल्य या विकाराची, म्हणजे वैद्यकव्यवहारात ज्यास 'एडीएचडी' हे आद्याक्षरी नाव रूढ झाले आहे त्याची, आजची व्याख्या अनवधान, अतिचापल्य आणि उतावळेपणा या तीन पदांवर उभी आहे. परंतु हा विकार असलेले अनेक प्रौढ प्रथम सांगतात ती तक्रार निराळीच असते. पत्राचे उत्तर आले नाही, वरिष्ठाने चारचौघांत चूक दाखविली, मित्राचा स्वर किंचित तुटक वाटला, की मन त्या एकाच गोष्टीभोवती भोवऱ्यात सापडल्यासारखे फिरू लागते. कारण क्षुल्लक आहे हे ठाऊक असते. त्या ज्ञानाचा त्या घटकेला काहीच उपयोग होत नाही. ही तक्रार व्याख्येत नाही, आणि ती तेथे नसण्यास इतिहास आहे.

प्रारंभीच्या वर्णनांत भावना अनुपस्थित नव्हती. स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्रिक्टन याने १७९८ साली अवधानाच्या विकारांवर लिहिताना, दार आपटण्यासारख्या साध्या आवाजानेही असे रुग्ण प्रक्षुब्ध होतात, हे नोंदविले होते. १९०२ साली जॉर्ज स्टिल याने लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये दिलेल्या व्याख्यानांत बुद्धीने शाबूत, पण स्वतःस आवरू न शकणाऱ्या मुलांचे वर्णन केले. त्यांच्या लक्षणांत अग्रस्थान अनावर आवेगाला होते. मात्र या अवस्थेस त्याने नाव दिले ते नैतिक नियंत्रणातील दोषाचे. 'नैतिक' या शब्दाला त्याच्या लेखनात बराच तांत्रिक अर्थ होता. परंतु पारिभाषिक शब्द वर्गाबाहेर पडला की आपला रूढ अर्थ घेऊनच वावरतो.

१९३७ साली अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे चार्ल्स ब्रॅडली याने ३० मुलांना बेन्झेड्रिन दिले. या प्रयोगाची आठवण ठेवली जाते ती मुलांचा अभ्यास सुधारला म्हणून. वस्तुतः सुमारे निम्म्या मुलांच्या भावनिक प्रतिक्रिया सौम्य झाल्याचेही ब्रॅडलीने लिहिले होते, आणि ते वाक्य पुढील वाचकांनी ओलांडून पुढे जाणेच पसंत केले.

निर्णायक वळण १९७० नंतर आले. व्हर्जिनिया डग्लस हिने १९७२ साली अवधानाच्या दोषावर भर दिला, आणि १९८० च्या अमेरिकन मनोविकार-वर्गीकरणात विकाराचे नावच 'अवधानन्यूनता' झाले. अवधान प्रयोगशाळेत मोजता येते, सेकंदांत आणि चुकांच्या संख्येत. दुखावलेपण तसे मोजता येत नाही. भावनेची लक्षणे त्यामुळे आनुषंगिक ठरली. युटा येथील पॉल वेंडर याने प्रौढांच्या निकषांत भावनिक अस्थैर्य व तापटपणा यांना स्थान दिले खरे, पण अधिकृत व्याख्येने ते स्वीकारले नाही. जे मोजता आले तेच मुख्य मानले गेले, असे येथे म्हणावे लागते. ज्याचे अवधान ढळते त्यास रुग्ण म्हणावयाचे आणि जो अव्हेराने कोसळतो त्यास हळवा म्हणावयाचे, अशी ही वाटणी होती; व्यक्ती मात्र पुष्कळदा एकच होती.

अव्हेराच्या वेदनेचा विचार दुसऱ्याच परंपरेत चालू होता. कॅरेन हॉर्नी हिने १९३७ साली नाकारले जाण्याविषयीच्या अतिसंवेदनेची चर्चा केली; १९९६ साली जेराल्डीन डाउनी व स्कॉट फेल्डमन यांनी तिचे मापन करणारी प्रश्नावली सिद्ध केली. या परंपरेतील शब्द अवधानविकाराशी जोडून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ विल्यम डॉडसन याने 'रिजेक्शन सेन्सिटिव्ह डिस्फोरिया' ही संज्ञा प्रचारात आणली. कोणत्याही अधिकृत वर्गीकरणात ती नाही. विषाद, सामाजिक भय अथवा पूर्वायुष्यातील आघात यांतही असेच चित्र दिसते, आणि लहानपणापासून बोलणी खाल्लेल्या मुलाला पुढे प्रत्येक स्वरात बोलणीच ऐकू यावीत यात नवल नाही. तेव्हा स्वतंत्र विकार म्हणून ही संज्ञा दुबळीच आहे; रुग्णांनी ती उचलली, कारण रिकामी जागा तीच भरत होती.

'डिस्फोरिया' हा शब्द ग्रीक 'दुस्' आणि 'फेरेइन्' यांपासून आला. संस्कृतातील 'दुस्' व 'भृ' हे त्यांचेच सगोत्र, म्हणून 'दुर्भर' हे त्याचे जन्मतःच जुळणारे प्रतिरूप होय. मराठीचे स्वतःचे वाक्प्रचार अधिक बोलके आहेत. 'शब्द जिव्हारी लागला' यात कर्ता शब्द आहे, माणूस नव्हे. 'त्याने मनाला लावून घेतले' यात कर्ता माणूस आहे, आणि 'घेणे' या सहायक क्रियापदाने दोषही त्याच्याच पदरी घातला आहे. स्टिलच्या काळापासूनचा वाद या दोन वाक्यांत मावतो.

उपायांचा इतिहास त्या मानाने अल्प आहे. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे हेसलिंगर व सहकाऱ्यांनी २००२ साली मार्शा लिनहन हिच्या उपचारपद्धतीवरून प्रौढांसाठी गटशिक्षण रचले. भावनेचे नियमन हा त्यातील एक पाठ होता. जेम्स ग्रॉस याने १९९८ साली मांडलेल्या विचारानुसार भावना जितकी आरंभी वळवावी तितके श्रम कमी पडतात. यास्तव अशा शिक्षणात भर पडतो तो भोवऱ्याची पहिली शारीरिक खूण ओळखण्यावर, घडलेली गोष्ट आणि तिचा लावलेला अर्थ वेगळे लिहून काढण्यावर, आणि उत्तर दुसऱ्या दिवसावर ढकलण्यावर. भोवरा पूर्ण वेगात असताना समजूत घालणे व्यर्थ जाते; त्या वेळी थंड पाणी, चालणे, जागा बदलणे एवढेच साधते. २०१३ च्या वर्गीकरणात चिडखोरपणा, अल्प सहनशक्ती व मनोवृत्तीची अस्थिरता यांची नोंद आहे, पण पूरक लक्षणांच्या परिच्छेदातच.